गाडी बोलते, पण ऐकतो कोण?

वाचकहो, या सदरात वर्षभर आपण घरातल्या बिघडलेल्या वस्तूंची विचारपूस करीत असतो. ठिबकणारा नळ झाला, कुरकुरणारा पंखा झाला, दोरा तोडणारे शिवणयंत्र झाले. दिवाळी अंकासाठी जरा मोठे काम काढावे, म्हणून मोटारीच्या सेल्फचे आणि चार्जिंगचे आवाज कसे ओळखावेत, हा विषय मी आषाढातच ठरवून टाकला होता. विषय आपल्या हातचा आहे, अशी माझी समजूत होती. 1974 साली पहिली सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हापासून बॉनेट उघडून आत डोके घालण्यात माझे निम्मे रविवार गेले. उरलेले निम्मे हात धुण्यात गेले, असे आमच्या घरी म्हणतात. पण आषाढ ते आश्विन या चार महिन्यांत जे घडले, त्याने लेखाचा सगळा नूरच पालटला. ते आधी सांगतो.

आषाढातल्या एका सकाळी आम्ही दोघे लक्ष्मी रस्त्याला निघालो होतो. चौकात सिग्नल मिळाला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि शेजारून आमची ही म्हणाली, "अहो, गाडी गातेय."

"गाऊ दे की."

"थट्टा नाही करत. तुम्ही पाय दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. मींड घेतल्यासारखा. अगदी बारीक आहे, पण आहे."

आता ही बाई चाळीस वर्षे घरी गाण्याच्या शिकवण्या घेत आली आहे. तंबोऱ्याची तार केसभर उतरली तर तिला स्वयंपाकघरातून कळते. मी काच वर केली, पंखा बंद केला, कान दिला. मला काही म्हणजे काही ऐकू आले नाही. "रस्त्याचा आवाज असेल," मी म्हणालो. पुढे भाजीबाजार आला आणि विषय तिथेच राहिला.

खरे म्हणजे त्या एका वाक्यात तिने निम्मे निदान करून दिले होते. ते कसे, हे कळण्यासाठी आधी गाडीच्या विजेचा संसार समजून घेऊ.

हा संसार आपल्या घरासारखाच चालतो. बॅटरी म्हणजे बँकेतली शिल्लक. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, हा लग्नकार्याचा खर्च. दोन-चार सेकंदांचेच काम, पण लहान पेट्रोल गाडीतही शे-दीडशे अँपिअर एकदम ओढून घेते. आपल्या छताच्या पंख्याला एक अँपिअरसुद्धा लागत नाही, हे लक्षात घ्या. आणि अल्टरनेटर म्हणजे महिन्याचा पगार. इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर तो फिरतो, दिवे-वायपर चालवतो आणि खर्च झालेली शिल्लक भरून काढतो. पगार थांबला तरी शिल्लक असेतो घर चालते, म्हणून बिघाड लगेच कळत नाही. कळतो तेव्हा शिल्लक संपलेली असते.

सेल्फ नव्हता तेव्हा हँडल मारावे लागे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती लपेटायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवले होते. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट गेलेच. या झटक्यातून माणसाला सोडवले ते अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने. त्याचा विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडीच्या 1912 च्या मॉडेलमध्ये आला. गंमत अशी, की केटरिंग त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचे काम करीत असे. छोटी मोटर थोडा वेळच चालवायची असेल तर तिच्याकडून तिच्या ऐपतीबाहेरचे काम करून घेता येते, हे त्याने तिथे ताडले होते. 'थोडा वेळच' हे शब्द मात्र आपण विसरतो. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त मारू नये, आणि पुन्हा मारण्यापूर्वी अर्धा मिनिट तरी त्याला दम खाऊ द्यावा.

आता सेल्फ काय काय बोलतो ते पाहू.

किल्ली फिरवल्यावर 'टकटकटकटक' असा भराभर आवाज आला, तर बहुधा सेल्फ निर्दोष आहे. सोलेनॉइडचा खटका ओढला जातो, मोटर वीज मागते, अशक्त बॅटरी मान टाकते, खटका सुटतो. सुटला की बॅटरीला जरा हुशारी येते आणि तो पुन्हा ओढला जातो. हाच खेळ सेकंदात अनेकदा चालतो. आधी बॅटरीची टर्मिनल पाहा. त्यांवर पांढरे-हिरवे मीठ फुलले असेल किंवा क्लँप हाताने हलत असेल, तर नवी बॅटरी घेण्याची घाई करू नका. किती घरांत चांगल्या बॅटऱ्या केवळ या मिठापायी भंगारात गेल्या असतील!

एकच ठसठशीत 'टक्' झाला आणि पुढे सारे शांत, दिवेही फारसे मंदावले नाहीत, तर वीज खटक्यापर्यंत पोचते पण मोटरीत शिरत नाही. सोलेनॉइडचे आतले काँटॅक्ट जळाले असतील किंवा मोटरीचे कार्बन ब्रश झिजले असतील. दिवे एकदम विझू विझू झाले, तर मात्र मोटर किंवा इंजिन अडकले आहे काय किंवा बॅटरी खलास आहे काय, ही शंका घ्यावी.

'घुर्रर्र' करून मोटर एकटीच पळते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा सेल्फचा छोटा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही किंवा त्याचा क्लच घसरतो आहे. दळणात खडा आल्यासारखी 'खरड' ऐकू आली, तर दाते झिजलेत किंवा सेल्फचे बोल्ट ढिले आहेत. हा आवाज एकदाही दुर्लक्षू नये. पिनियन थोडक्यात बदलता येतो. फ्लायव्हीलच्या दात्यांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि इंजिन सुरू झाल्यावर, किल्ली सोडल्यावरही क्षणभर किंकाळी टिकली, तर पिनियन मागे यायला तयार नाही. पाहुणा निरोप घेऊन उंबऱ्यातच उभा आहे म्हणायचे! इंजिन त्याला भलत्या वेगाने फिरवील आणि मोटरीच्या चिंध्या होतील.

सेल्फचे आवाज असे क्षणभराचे असतात. चार्जिंगचे आवाज गाडी चालू असेतो सोबत करतात, म्हणूनच त्यांची सवय होते. सकाळी, विशेषतः पावसाळ्यात, गाडी सुरू केल्याबरोबर 'चींऽऽ' करून ओरडतो तो पट्टा. रात्रभर थंडावलेला, ओलसर झालेला, आणि सेल्फने रिकामी केलेली बॅटरी भरण्यासाठी अल्टरनेटर जोर लावतो, तेव्हा तो घसरतो. दिवे आणि काचेचा हीटर एकदम लावल्यावर आवाज वाढला, तर नक्कीच पट्टा. इस्त्रीसाठी पाणी फवारायची बाटली घ्या आणि लांबूनच पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी उडवा. आवाज वाढला तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झाला आहे. क्षणभर थांबून पुन्हा चिमणीसारखी चिवचिव सुरू झाली, तर पुल्या एका रेषेत नाहीत. जुन्या पद्धतीच्या पट्ट्याला लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबले, तर तो साधारण अर्धा इंच दबावा. मात्र हौसेने फार ताणू नका; ताणलेला पट्टा गप्प बसतो खरा, पण बेरिंग खातो.

आणि आता आमच्या हिच्या त्या मींडेकडे येऊ. आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, याचा अर्थ तो इंजिनाने फिरणाऱ्या वस्तूचा आहे, चाकांचा नाही. सूर बारीक आहे, म्हणजे ती वस्तू फार जोरात फिरते. अल्टरनेटरची पुली लहान असते, त्यामुळे तो इंजिनाच्या दुपटी-तिपटीने फिरतो. इंजिनाचे तीन हजार फेरे तर त्याचे सहा ते नऊ हजार. त्याच्या बेरिंगातले वंगण आटू लागले की ते प्रथम असे बारीक गुणगुणते. पुढे गुरगुरते. आणि शेवटी काय करते, ते आम्ही पाहिले.

श्रावणात गुरगुर सुरू झाली. ती मात्र मलाही ऐकू आली! "बघ," मी विजयी मुद्रेने म्हणालो, "टायरचा आवाज आहे. पुढचा टायर खालीवर झिजलाय." ही म्हणाली, "मग उभ्या गाडीत कसा येतो?" मी उत्तर दिले नाही. वाचकहो, ही परीक्षा मी स्वतः या सदरात कधीकाळी लिहिली आहे. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर द्या. आवाज आला तर तो टायरचा असूच शकत नाही. एका मिनिटाचे काम. ते मी केले नाही, कारण केले असते तर आषाढापासून तीच बरोबर होती हे कबूल करावे लागले असते. वयाबरोबर माणसाचे काय काय कमी होते, पण हट्ट तेवढा शाबूत राहतो.

गौरी-गणपतीला आम्ही वाईला बहिणीकडे गेलो होतो. परत येताना मागे दहा वर्षांचा नातू होता. शिरवळच्या आसपास संध्याकाळ झाली, पावसाने झोड उठवली. एकाएकी समोरून कर्कश ओरड आली, जळक्या रबराचा वास सुटला आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. ओरड थांबली. गाडी चालतच होती. मी म्हणालो, "चार्जिंग गेलं. बॅटरी भरलेली आहे, पुण्यापर्यंत नेईल." जुन्या माणसाचे जुने गणित! मागून नातू ओरडला, "आजोबा, तो काटा बघा, वर चाललाय!"

तो उष्णतेचा काटा होता. आमच्या गाडीत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंप फिरवतो. बेरिंग जाम झाले, पट्टा तुटला, आणि पगाराबरोबर पाणीही बंद झाले. आणखी पाच-सात मिनिटे दामटली असती तर इंजिन कायमचे गेले असते. कडेला घेतली. अंधार, पाऊस, अंगावरून जाणाऱ्या ट्रका. मी हिला आणि नातवाला रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे केले. हिने पदर नातवाच्या डोक्यावर धरला होता. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

तासाभराने गावातला एक विशीचा मेकॅनिक मोटारसायकलवर आला. त्याने टॉर्च मारला, अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून पाहिली. ती जागची हलली नाही. तो म्हणाला, "आजोबा, हे बेरिंग दोन महिने तरी ओरडत असणार. ऐकू नाही आलं?"

"मला आलं होतं," ही म्हणाली.

बेरिंगाची किंमत काही शेकड्यांत होती. गाडी ओढून नेण्याचे भाडे, बदललेला अल्टरनेटर आणि रात्रीचा मुक्काम मिळून तिच्या कितीतरी पट झाले. पण तो हिशेब मला लागला नाही. लागला तो त्या पोराचा प्रश्न.

आठवड्याने मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत कानाला फोन लावून बसवले. सूर ऐकू आला की बटण दाबायचे. मध्येच बराच वेळ शांतता गेली. मला वाटले, यंत्र बिघडले. यंत्र ठीक होते. खालचे सूर मला चांगले ऐकू येत होते. तीन हजार हर्ट्झच्या वरचे जवळजवळ गेलेले. डॉक्टर म्हणाले, वयाने कान असाच, वरच्या सुरांकडून जातो. आणि इतक्या हळू जातो की ज्याचा जातो त्याला पत्ता नसतो. स, श, फ असली अक्षरे आधी निसटतात, म्हणून माणसाला वाटते की लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. हे तर माझेच वाक्य होते! बारीक गुणगुण गेली होती, जाड गुरगुर तेवढी शिल्लक होती. आषाढात हिला ऐकू आले आणि मला श्रावणात, याचे कारण एवढेच.

असो. ज्यांचे कान शाबूत आहेत आणि ज्यांचे नाहीत, त्या दोघांनाही उपयोगी पडेल असे एक साधन सांगतो. साधा मल्टिमीटर. त्याला कान नाहीत, पण हट्टही नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास यायला हवेत, 12.2 म्हणजे निम्मी शिल्लक. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसावेत. अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा मुद्दाम खालीवर करतो, तेव्हा एका पाहणीवर निकाल देऊ नका. मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, 0.2 व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

काही किंकाळ्या बॉनेटखाली नसतातच, रेडिओतून येतात. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर स्पीकरमध्ये सूर चढत असेल, तर आधी मोबाइलचा चार्जर काढून पाहा. पुष्कळदा दुखणे तिथेच संपते. तरी राहिले तर रेडिओचे अर्थिंग तपासा. मग अल्टरनेटरचे डायोड. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज करतो. डायोड तिला एका दिशेने वळवतात. एखादा डायोड गेला की तरंग उरतो आणि तोच रेडिओत गातो. इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर लावा. बॅटरीवर दशांश व्होल्टच्या आत आले तर ठीक, अर्ध्या व्होल्टकडे गेले तर डायोड गेला. स्वस्तातले काही मीटर एसीवर भलताच आकडा दाखवतात. सळया उलट करून पाहा, आकडा फार बदलला तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

आता दोन ताकिदी. पहिली: चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का' ते पाहण्याची पद्धत डायनॅमोच्या काळातली. माझ्या पहिल्या गाडीवर मिस्त्री ती सर्रास करीत आणि मीही करीत असे. अल्टरनेटरवर ती कधीही करू नका. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज क्षणात उसळते आणि डायोडांपासून गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत काहीही जाळू शकते. काम करायचे तर इंजिन बंद ठेवून आधी निगेटिव्ह काढा, आणि जोडताना ती शेवटी जोडा. दुसरी: लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावली, तर बेरिंग स्टेथॉस्कोपसारखे ऐकू येते. पण पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस फिरत्या पट्ट्याजवळ नकोत. आणि विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, हे विसरू नका.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दोन्ही कानांत यंत्रे घालून मी प्रथम गाडीत बसलो. वळताना हात पुढे करून दिवा लावला आणि दचकलो. "हे काय टिकटिकतंय?"

"इंडिकेटर," ही म्हणाली. "पहिल्यापासून टिकटिकतो."

घरी आलो. संध्याकाळी तिने तंबोरा घेतला. चाळीस वर्षे मी त्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो आहे आणि वेळच्या वेळी मान डोलावली आहे. त्या दिवशी तारांच्या वर एक बारीक चकाकी तरंगताना ऐकू आली. ती मी किती वर्षे ऐकली नव्हती आणि कधीपासून नुसतीच मान डोलावत होतो, ते आता कळायचा मार्ग नाही. वर्तमानपत्र खाली ठेवले.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत प्रवासाला निघण्यापूर्वी बॉनेट उघडा, टर्मिनल पाहा, पट्टा दाबा. आणि साठी ओलांडली असेल तर एक जास्तीचे काम करा. घरातल्या एखाद्या लहानाला किंवा आमच्या हिच्यासारख्या कानाच्या माणसाला गाडीजवळ उभे करून विचारा, "तुला काही ऐकू येतंय का?" तो 'हो' म्हणाला, तर वाद घालू नका.